रस्टमध्ये फ्लोटचे चिन्ह तपासताना: उणे शून्य, नॅन आणि सिग्नमची गफलत

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एखादी एफ६४ (६४ बिटांची फ्लोट, म्हणजे दशांश) संख्या ऋण आहे का, हे पाहायचे तर हात आपोआप «संख्या < ०.०» लिहून मोकळा होतो. बहुतेक वेळा ते चालूनही जाते. जिथे चालत नाही तिथे कारण बहुधा एकच असते: प्रश्न दोन आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो. पहिला प्रश्न, संख्या शून्यापेक्षा लहान आहे का? दुसरा, संख्येचा चिन्हाचा बिट १ आहे का? पहिल्यासाठी तुलनेचे चिन्ह वापरायचे, दुसऱ्यासाठी इज_साइन_निगेटिव्ह ही मेथड. दोघांची उत्तरे दोनच जागी वेगळी पडतात, उणे शून्यापाशी आणि नॅनपाशी (नॅन म्हणजे «ही संख्याच नाही» असे सांगणारी किंमत). पुढचे जवळजवळ सगळे घोळ या दोन जागांतूनच निघतात.

नावांबद्दल एक सूचना. खाली मेथडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि अंडरस्कोअरसकट टाइप करायची. अंकही रोमनच हवेत. व्हेरिएबलची नावे मात्र रस्ट १.५३ पासून देवनागरीत ठेवता येतात, तेव्हा «शिल्लक» किंवा «तापमान» तसेच लिहिले तरी कंपायलर घेतो.

आधी बिट पाहा

एफ६४ मध्ये ६४ बिट असतात. सगळ्यात डावीकडचा १ चिन्हाचा, पुढचे ११ घातांकाचे, उरलेले ५२ अपूर्णांकाचे. एफ३२ मध्ये हीच वाटणी १, ८ आणि २३ अशी होते. पूर्णांकांत ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटने साठवतात, म्हणून तिथे शून्य एकच असते. फ्लोटमध्ये चिन्ह हा वेगळा, सुटा बिट आहे. तो उलटवला की बाकीच्या ६३ बिटांना धक्का लागत नाही.

हे डोळ्यांनी पाहायला दोन मिनिटे पुरतात. टू_बिट्स ही मेथड फ्लोटचे बिट जसेच्या तसे यू६४ मध्ये देते. ते षोडशमान पद्धतीत, १६ अंकी, पुढे शून्ये भरून छापायचे:

२.५ → ४००४ ०००० ०००० ००००
-२.५ → सी००४ ०००० ०००० ००००
०.० → ०००० ०००० ०००० ००००
-०.० → ८००० ०००० ०००० ००००

पहिल्या जोडीत डावीकडच्या ४ चा सी झाला, म्हणजे ०१०० चे ११०० झाले. बदल एवढाच. दुसऱ्या जोडीतही तेच, फक्त इथे चिन्हाचा बिट सोडून बाकी सगळे शून्य आहे. ही दोन वेगळी बिट-रूपे असली तरी १९८५ च्या आयईईई ७५४ या फ्लोटच्या मानकाप्रमाणे दोन्ही शून्ये एकमेकांशी समान ठरतात. म्हणून «-०.० == ०.०» ट्रू आणि «-०.० < ०.०» फॉल्स.

ही दोन शून्ये ठेवली कशाला, असे वाटेल. मानकामागचे मुख्य शिल्पकार विल्यम कहान यांचा आग्रह असा होता की एखादी राशी शून्यावर कोणत्या बाजूने आली ही माहिती गणितात कामाची असते, विशेषतः संमिश्र संख्यांच्या हिशेबात. रस्टमध्ये ते लगेच दिसते. वाय ०.० आणि एक्स -१.० घेऊन एटॅन२ (बिंदूचा कोन देणारी मेथड) मागा, उत्तर धन पाय येते. वाय -०.० करा, उत्तर ऋण पाय. कोनात थेट ३६० अंशांचा फरक, आणि «< ०.०» या तपासणीला त्यातले काहीच कळत नाही. १.० ला -०.० ने भागले तर ऋण अनंत मिळते. जुन्या सी कोडमध्ये उणे शून्य ओळखायला हीच युक्ती वापरलेली दिसते. चालते, पण आता तिची गरज नाही.

कोणती तपासणी कधी

शून्यापेक्षा कमी रक्कम आली तर थांबवायचे, ऋण वजन नाकारायचे, वर्गमूळाआधी राखण ठेवायची, अशा कामांना साधी तुलनाच योग्य. उणे शून्य हे तिथे शून्यच धरायचे असते. उणे शून्याचे वर्गमूळही -०.० च येते, नॅन नाही, तेव्हा इज_साइन_निगेटिव्ह वापरून ते नाकारले तर चांगले इनपुट विनाकारण परत जाईल.

चिन्ह जसेच्या तसे जपायचे असेल, दुसऱ्या संख्येवर चढवायचे असेल, छापायचे असेल किंवा बिटांच्या पातळीवर तुलना करायची असेल, तर इज_साइन_निगेटिव्ह. ही मेथड -०.०, ऋण अनंत आणि चिन्हाचा बिट लागलेला नॅन या सगळ्यांना ट्रू म्हणते. इज_साइन_पॉझिटिव्ह तिची नेमकी उलट आहे. कोणतीही फ्लोट घ्या, दोघींपैकी एक आणि एकच ट्रू असते, शून्यालाही आणि नॅनलाही.

पूर्णांकांवरून आलेल्यांची फसगत इथेच होते. आय३२ वर इज_पॉझिटिव्ह आणि इज_निगेटिव्ह अशा मेथड आहेत आणि शून्याला त्या दोन्ही फॉल्स म्हणतात. फ्लोटवरच्या नावात मध्ये «साइन» घातले आहे ते उगाच नाही. तिथे संख्या धन आहे का असा प्रश्न नसून तिच्यावर धन चिन्ह आहे का असा आहे. ०.० वर इज_साइन_पॉझिटिव्ह ट्रू येते. म्हणजे «रक्कम धन असेल तरच पावती काढा» ही अट या मेथडने लिहिली तर शून्य रुपयांची पावतीही निघेल. तिथे «रक्कम > ०.०» हवे.

सिग्नम या चिन्ह सांगणाऱ्या मेथडचा तर स्वतंत्र तिढा आहे. पूर्णांकांचा सिग्नम -१, ०, १ असे तीन निकाल देतो. फ्लोटचा सिग्नम शून्याला ०.० देत नाही: धन शून्याला १.०, उणे शून्याला -१.०, नॅनला नॅन. गणिताच्या पुस्तकातली व्याख्या डोक्यात ठेवून «सिग्नम शून्य आला तर थांबा» असे लिहिले तर ती शाखा कधीच चालत नाही. कंपायलर तक्रार करत नाही, टेस्टमध्ये नेमके शून्य दिले नसेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सिग्नमला पर्याय म्हणून संख्येला तिच्या ॲब्सने (चिन्ह काढलेल्या परिमाणाने) भागायची युक्तीही नको. शून्याला शून्याने आणि अनंताला अनंताने भागले की नॅन.

तीन (खरे तर चार) खाने

रोजच्या कामात लागते ते ऋण, शून्य, धन असे वर्गीकरण. ते लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी इज_नॅन विचारा आणि ट्रू आले तर एरर किंवा नन («किंमत नाही») परत करा. मग «क्ष > ०.०» असेल तर धन. नंतर «क्ष < ०.०» असेल तर ऋण. उरले ते शून्य, दोन्ही चिन्हांचे.

पहिली पायरी गाळली तर काय होते पाहा. नॅनशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना फॉल्स असते. धन नाही, ऋण नाही, मग एल्समध्ये येऊन तो गुपचूप «शून्य» ठरतो. सेन्सरचा बिघडलेला वाचनांक अशा वाटेने ०.० बनून डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. सहिष्णुता ठेवून लिहिलेल्या रूपातही, म्हणजे एप्सिलॉन या छोट्या मर्यादेपेक्षा मोठे ते धन, उणे एप्सिलॉनपेक्षा लहान ते ऋण, बाकी शून्य, हीच गळती असते.

सहिष्णुता हवी का, हा वेगळा विचार. चिन्हाची तपासणी स्वतः कधी चुकत नाही. चुकते ती आधीची बेरीज-वजाबाकी. ०.१ + ०.२ मधून ०.३ वजा करा, उत्तर शून्य नसून सुमारे ५.५ई-१७ (५.५ गुणिले १० चा -१७ वा घात) येते, म्हणजे धन. उलट क्रमाने वजा केले तर ऋण. इथे बिट खरे बोलतो, पण तो ज्या संख्येबद्दल बोलतो ती निव्वळ गोळाबेरजेची धूळ असते. अशा जागी एप्सिलॉन ठेवा, पण तो हिशेबातल्या संख्यांच्या आकारमानाशी जुळता ठेवा. लाखांच्या घरातल्या राशींना एफ६४ चे स्वतःचे एप्सिलॉन, म्हणजे सुमारे २.२ई-१६, लावण्यात अर्थ नाही. बिंदू रेषेच्या डावीकडे की उजवीकडे अशा भौमितिक प्रश्नांत तर एप्सिलॉननेही भागत नाही, कारण तिथे निर्धारकाचे चिन्ह अचूकच लागते. त्यासाठी जोनाथन श्यूचुक यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात: आधी झटपट अंदाज घ्यायचा, आणि चिन्हाबद्दल खात्री नसेल तेवढ्यापुरतीच अचूकता वाढवत न्यायची. रस्टमध्ये ती «रोबस्ट» नावाच्या क्रेटमध्ये (लायब्ररीत) तयार मिळते.

दोन संख्यांची चिन्हे विरुद्ध आहेत का

बायसेक्शनने, म्हणजे पट्टा अर्धा-अर्धा करत, समीकरणाचे मूळ शोधताना दोन टोकांच्या किमतींची चिन्हे विरुद्ध आहेत की नाही हे पाहावे लागते. पाठ्यपुस्तकात गुणाकार ऋण आला का असे विचारलेले असते, आणि लोक तेच कोडमध्ये उतरवतात:

डावी * उजवी < ०.०

आता डावी ३ई-१७० आणि उजवी -२ई-१७० घ्या. दोन्ही एफ६४ मध्ये आरामात मावतात. गुणाकार मात्र -६ई-३४०, आणि एफ६४ मधली शून्याला सगळ्यात जवळची संख्या सुमारे ४.९ई-३२४. गुणाकार त्याच्याही खाली गेला, म्हणून निकाल -०.०. चिन्ह शाबूत आहे, पण «-०.० < ०.०» फॉल्स. प्रोग्राम सांगतो, या पट्ट्यात मूळ नाही. एफ३२ मध्ये हे फार लवकर होते: तिथे तळ सुमारे १.४ई-४५, त्यामुळे १ई-२५ आणि -१ई-२५ यांचा गुणाकारही -०.० च होतो. बायसेक्शन मुळाच्या जवळ सरकत जाते तशा टोकांच्या किमती बारीक होत जातात, म्हणजे गाडी अडायची तर नेमकी मुक्कामाजवळ.

गुणाकार काढून टाका आणि असे करा. दोन्हींपैकी कोणतीही नॅन असेल तर एरर. कोणतीही «== ०.०» असेल तर मूळ सापडले, तिथेच थांबा. त्यानंतर:

डावी.इज_साइन_निगेटिव्ह() != उजवी.इज_साइन_निगेटिव्ह()

शून्याची पायरी आधी असल्याने उणे शून्याचा प्रश्नच उरत नाही. हेच काम दोन्हींच्या टू_बिट्सचा एक्सॉर घेऊन तो उजवीकडे ६३ घरे सरकवूनही होते. वेगासाठी मात्र तसे लिहू नका, कारण इज_साइन_निगेटिव्ह आतून चिन्हाचा बिट तपासण्यापलीकडे काही करत नाही.

चिन्ह बाजूला काढून पुन्हा लावणे

परिमाणावर काहीतरी करायचे आणि चिन्ह जसेच्या तसे ठेवायचे, असे काम वरचेवर येते. जॉयस्टिकचा मृत पट्टा हे नेहमीचे उदाहरण. वाचनांक -१ ते १, मधला ०.१ पर्यंतचा भाग दुर्लक्षित करायचा आणि उरलेला पुन्हा ० ते १ मध्ये ताणायचा. धन-ऋण अशा दोन शाखा लिहिण्याऐवजी:

((क्ष.ॲब्स() - ०.१).मॅक्स(०.०) / ०.९).कॉपीसाइन(क्ष)

क्ष -०.३७ असेल तर ०.३७ मधून ०.१ गेले, ०.२७ राहिले, ०.९ ने भागून ०.३, आणि कॉपीसाइनने -०.३. ही मेथड रस्ट १.३५ पासून आहे. क्रम उलटा होऊ देऊ नका: जिच्यावर मेथड बोलावली तिचे परिमाण घेतले जाते, कंसातल्या संख्येचे फक्त चिन्ह. दोन्हींचा प्रकार एकच असल्याने अदलाबदल झाली तर कंपायलर काही बोलणार नाही.

याच ओळीत दोन गोष्टी दडल्या आहेत. क्ष -०.०४ असेल तर निकाल -०.० येतो, ०.० नव्हे. मोटरला काही फरक पडत नाही, पण पडद्यावर छापले तर पडतो. दुसरी अधिक गंभीर: क्ष नॅन असेल तर मॅक्स त्याला गिळून टाकतो, कारण एफ६४ चा मॅक्स एक बाजू नॅन असेल तर दुसरी परत देतो. जॉयस्टिकची तार तुटली तरी वाचनांक शांतपणे शून्य. हवे असेल तर छान, नको असेल तर आधी इज_नॅन.

उणे शून्य येते कुठून

कोणी मुद्दाम -०.० लिहीत नाही. ते या वाटांनी येते: -०.३ ला राउंड, सील किंवा ट्रंक केले की, ऋण संख्येला धन अनंताने भागले की, -६.० % ३.० केले की, कारण बाकीला भाज्याचे चिन्ह लागते; आणि फाइलमधून «-०.०» हा मजकूर पार्स केला की. रेम_युक्लिड (बाकी काढायची दुसरी मेथड) वापरून सुटका झाली असे समजू नका. तो बाकी शून्यापेक्षा लहान असेल तरच भाजक मिळवतो, आणि -०.० शून्यापेक्षा लहान नाही, म्हणून -६.० चे ३.० ने रेम_युक्लिड केले तरी -०.० च हाती येते. -१ई-६० ला एफ३२ मध्ये कास्ट केले, म्हणजे प्रकार बदलला, तरी तेच. कास्टच्या आधी «< ०.०» ट्रू, नंतर फॉल्स.

एक वाट तर भल्याभल्यांना चकित करते. रिकाम्या फ्लोट इटरेटरवर सम बोलावला की आताच्या रस्टमध्ये उत्तर -०.० असते. बग नाही, बेरजेचा खरा तटस्थ घटक तोच आहे: -०.० मध्ये काहीही मिळवा, ती संख्या चिन्हासकट तशीच राहते, पण ०.० मध्ये -०.० मिळवले तर चिन्ह हरवते. गणित बरोबर, पण अहवालात एकही नोंद नसलेल्या दिवसाची बेरीज «-०» छापून येते.

मजकुरातले उणे

रस्ट १.५३ पासून -०.० साध्या फॉरमॅटमध्ये «-०» आणि डीबग फॉरमॅटमध्ये «-०.०» असे छापले जाते. त्याआधी साध्या फॉरमॅटमध्ये उणे दिसत नसे. दोन दशांश स्थळांपर्यंत छापताना मात्र आवृत्तीचाही संबंध नाही: -०.००१ ही खरोखरच ऋण संख्या आहे, म्हणून तिचे «-०.००» होते. ग्राहकाला «शिल्लक -०.०० रुपये» दिसले की फोन आलाच. (पैसे फ्लोटमध्ये ठेवू नयेत, पैशांचे पूर्णांक ठेवावेत, हे आहेच. पण व्याज काढताना फ्लोट मध्ये शिरतातच.)

उपाय दोन टप्प्यांचा. आधी हव्या त्या स्थळापर्यंत राउंड करा, मग ०.० मिळवा:

(क्ष * १००.०).राउंड() / १००.० + ०.०

-०.००१ चे -०.१, राउंड होऊन -०.०, भागून -०.०, आणि ०.० मिळवल्यावर धन ०.०. नेहमीच्या राउंडिंग पद्धतीत -०.० + ०.० चे उत्तर धन शून्यच येते. इतर कोणत्याही संख्येला या बेरजेने काही होत नाही. कंपायलर ती निरर्थक समजून काढेल अशी भीती नको, कारण तसे केले तर उणे शून्याचे उत्तर बदलेल, आणि तो अधिकार त्याला नाही. वजाबाकी मात्र चालत नाही: -०.० - ०.० हे -०.० च. खरा धोका माणसाचा आहे. सहा महिन्यांनी कोणीतरी «हे शून्य कशाला मिळवलंय» म्हणत ओळ साफ करेल, म्हणून शेजारी कॉमेंट लिहून ठेवा.

«क्ष.मॅक्स(०.०)» ने उणे जाईल असे वाटते, पण दोन शून्यांपैकी कोणते परत येईल याची रस्ट हमी देत नाही. क्लॅम्पलाही तोच नियम, -०.० तसेच बाहेर येऊ शकते.

नॅनचे चिन्ह

नॅनला चिन्हाचा बिट असतो, अर्थ नसतो. तो कोणता असेल हे रस्ट सांगत नाही, आणि प्रत्यक्षात तो प्रोसेसरनुसार बदलतो. धावत्या प्रोग्राममध्ये ०.० ला ०.० ने भागले तर एक्स८६-६४ वर एफएफएफ८ ने सुरू होणारा नॅन मिळतो, म्हणजे चिन्हाचा बिट १. एआरएम६४ वर ७एफएफ८, म्हणजे बिट ०. हाच भागाकार कंपायलरने आधीच उरकला तर एक्स८६ वरही बहुधा ७एफएफ८. म्हणजे डीबग आणि रिलीज बिल्डमध्ये इज_साइन_निगेटिव्हची उत्तरे वेगळी येऊ शकतात. छापून पाहण्यातही अर्थ नाही, रस्ट «नॅन» एवढेच लिहितो, उणे दाखवत नाही. करून पाहायचे असेल तर दोन्ही शून्ये ब्लॅक_बॉक्समधून (कंपायलरला हिशेब आधीच उरकण्यापासून अडवणारे फंक्शन) न्या आणि टू_बिट्स छापा.

याचा फटका सॉर्टिंगला बसतो. टोटल_सीएमपी, जी १.६२ पासून आहे, सगळ्या फ्लोटना एका रांगेत बसवते: ऋण चिन्हाचे नॅन सर्वांत आधी, मग ऋण अनंत, ऋण संख्या, -०.०, ०.०, धन संख्या, धन अनंत आणि शेवटी धन चिन्हाचे नॅन. मग एका मशिनवर खराब नोंदी यादीच्या तोंडाशी आणि दुसऱ्यावर तळाशी. क्रम नक्की हवा असेल तर सॉर्टच्या आधी प्रत्येक नॅनला ॲब्स लावा. ॲब्स फक्त चिन्हाचा बिट पुसतो, त्यामुळे सगळे नॅन शेवटी जातात.

हॅशमॅपसाठी टू_बिट्सची किल्ली करत असाल तर दोन शून्यांच्या दोन किल्ल्या होतील. आधी ०.० मिळवा, मग बिट घ्या.

लिहितानाच्या बारीक चुका

मेथडची हाक उणे चिन्हाच्या आधी लागू होते. «-२.०_एफ६४.ॲब्स()» चे उत्तर -२.०, कारण आधी २.० चा ॲब्स आणि मग उणे. «-०.०_एफ६४.इज_साइन_निगेटिव्ह()» तर कंपाइलच होत नाही, बूलला उणे लावता येत नाही अशी एरर येते. ही एरर आली तर बरेच, ॲब्सची चूक गुपचूप जाते. क्लिपी या चुका शोधणाऱ्या साधनाची प्रेसिडन्स लिंट पूर्वी ती पकडत असे, पण त्यावर विसंबू नका, ऋण संख्येला कंस घालायची सवय लावा. कंसातही प्रकार लिहायला विसरू नका. नुसत्या २.० वर सिग्नम बोलावला तर प्रकार संदिग्ध आहे म्हणून ई०६८९ एरर येते.

चिन्ह कास्टच्या आधी तपासा. -०.७ ला आय३२ मध्ये नेले की ०, -५.० ला यू८ मध्ये नेले की ०, नॅनला कुठेही नेले की ०. रस्ट १.४५ पासून हे ठरलेले वर्तन आहे, पॅनिक होत नाही. नंतर तपासायला काही उरतच नाही.

सीकडून आलात तर दोन फरक. सी९९ मधला साइनबिट मॅक्रो ऋण चिन्हाला १ देईलच असे नाही, कोणतीही शून्येतर किंमत देऊ शकतो. त्यामुळे दोन निकाल एकमेकांशी «==» ने ताडून पाहणे चूक, आधी दोन्हींवर «!= ०» लावायचे. रस्टमध्ये बूल असल्याने ही कटकट नाही. दुसरा: सीचा डीबीएल_मिन ही सर्वांत लहान धन नॉर्मल संख्या आहे, सुमारे २.२ई-३०८. रस्टचा एफ६४::मिन म्हणजे परिमाणाने सर्वांत मोठी ऋण संख्या, सुमारे -१.८ई३०८. पोर्ट करताना नाव पाहून बदल केला की चिन्हच उलटते. रस्टमध्ये हवा असतो तो मिन_पॉझिटिव्ह. आणि सी कोड फास्ट-मॅथने कंपाइल होत असेल तर उणे शून्य आणि नॅनबद्दल वर लिहिलेले काहीच तिथे गृहीत धरू नका. तो पर्याय कंपायलरला या दोन्हींकडे डोळेझाक करायची मुभा देतो.

टेस्ट लिहिताना

असर्ट_ईक्यू! ने -०.० आणि ०.० ताडले तर टेस्ट पास होते, म्हणून चिन्हाची टेस्ट त्याने होत नाही. दोन्ही बाजूंना टू_बिट्स लावा. नॅनची अपेक्षा असेल तिथे उलटे: नॅन स्वतःशीही समान नसतो, म्हणून असर्ट_ईक्यू! कधीच पास होणार नाही, आणि बिट ताडले तर वर सांगितल्याप्रमाणे मशिनवर अवलंबून. तिथे फक्त इज_नॅन.

इनपुट म्हणून किमान हे द्या: ०.० आणि -०.०, फ्रॉम_बिट्सला १ देऊन मिळणारी सर्वांत बारीक संख्या आणि तिचे ऋण रूप, मिन_पॉझिटिव्ह, एफ६४::मिन आणि मॅक्स, दोन्ही अनंत, नॅन, आणि कॉपीसाइनने -१.० चे चिन्ह चढवलेला नॅन. फंक्शन दोन संख्या घेत असेल तर यांच्या सगळ्या जोड्या दोन लूपमधून फिरवा. अकरा गुणिले अकरा, १२१ जोड्या, मिलिसेकंदही लागत नाही.